झाडवालीचं अंग

आमच्या घरात तीन बायका बाराही महिने उघड्यानागड्या असायच्या आणि आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. एक बैलवाली, एक हंसवाली आणि एक झाडवाली. बैलवाली पांढऱ्या बैलाच्या पाठीवर बसून समुद्रात निघालेली. हंसवालीच्या मांडीवर हंस. आणि झाडवाली म्हणजे मागे लागलेल्या देवापासून पळता पळता जिचं झाड होतं ती. बोटांना पानं फुटलेली, पायांवर साल चढलेली. चित्रं परदेशातली, काही शतकांपूर्वीची, राजेलोकांच्या महालांतली. आम्ही त्यांच्या हाताने रंगवलेल्या नकला करायचो. माजिवड्याला ज्यांचं फर्निचरचं गोडाऊन होतं ते शेठ त्या नकला सोनेरी फ्रेममध्ये घालून हॉटेलांना, बंगल्यांना आणि सिनेमाच्या सेटना द्यायचे. शेठ या प्रकाराला बरोक म्हणायचे, अण्णा म्हणजे माझे वडील बारोक म्हणायचे. आईने एकदा विचारलं, "बारोक म्हंजे काय वो शेठ?" तर शेठ म्हणाले, "वहिनी, मागे काळोख, पुढे उजेड आणि मधे कपडे सुटतायत. झालं बरोक." पुढे मी यावरची जाडजाड पुस्तकं वाचली, पण याहून सुटसुटीत काही मला सापडलं नाही.

कल्याणजवळ मोहन्याला एका चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत उजेड चांगला, म्हणून तिथे चित्रं, आणि आतल्या खोलीत आम्ही. पाहुणा आला की आई आधी चित्रांवर चादर टाकायची आणि मग पाणी विचारायची. शेजारच्या सुमनमावशीला चादर नसायची, ती घरचीच. ती दारातूनच ओरडायची, "अगं, हिला थंडी नाय वाजत का? निदान पदर तरी काढा एकादा!" आई म्हणायची, "पदराची ऑर्डर नाय." सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की अण्णा ब्रश हातात घेत आणि दुपारच्या भोंग्याला ठेवत. मधल्या वेळात घरात टर्पेंटाइनचा, अळशीच्या तेलाचा आणि जवळ्याच्या कालवणाचा असा तिहेरी वास असायचा. शाळेत माझ्या दप्तराला तो यायचा आणि पोरी नाक मुरडायच्या. मुरडेनात का! मला तो वास अजून आवडतो. आई अळशीची चटणी कुटायची आणि अण्णा अळशीच्या तेलात रंग कालवायचे, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं की अळशी ही चित्रासाठी असते आणि उरली तर खायची.

काम वाटून दिलेलं होतं. मांजरपाटाचं कापड लाकडी चौकटीवर ताणून त्याला सरस आणि खडूची भुकटी लावायची, हे सगळ्यांचं. मग कॅलेंडरातून कापलेल्या छापील चित्रावर पेन्सिलीने बारीक चौकोन पाडायचे, तितकेच मोठे चौकोन कापडावर पाडायचे आणि एकेक चौकोन उतरवत जायचं. कापडाच्या चुण्या, झालर, मखमल ही आईची. ती कधी शाळेत गेलेली नव्हती, पण रेशमाची घडी कुठे उजेड पकडते ते तिला न बघता ठाऊक होतं. आभाळ आणि पानं माझी. अंग आणि चेहरे अण्णांचे. अंग म्हणजे उघडी कातडी, आणि चित्राचा सगळा भाव त्यावर. शेवटचा हातही अण्णांचा. सगळं वाळलं की अख्ख्या चित्रावरून पातळ तपकिरी रंगाचा एक थर फिरवायचा, म्हणजे चित्र जुनं दिसतं. त्याला आमच्याकडे चहा मारणं म्हणत. अण्णांच्या चहाची माजिवड्यापर्यंत ख्याती होती. शेठ म्हणायचे, "अण्णा, तुमचं चित्र दोन दिवसांत दोनशे वर्षांचं होतं."

अण्णा मूळचे विहारांसाठी बुद्धाची चित्रं काढणारे. मिटलेल्या पापण्या, ओठांवर जेमतेम हसू. तो हात त्यांना इतका बसलेला की या परदेशी बायकांचे चेहरेही तसेच उतरायचे. झाडवालीच्या मागे देव लागलाय, पाय जमिनीत रुतलेत, आणि बाई अशी शांत की जणू वंदना आटोपून खिरीची वाट बघतेय! मला ते कधीच पटलं नाही. मी म्हणायचे, "अण्णा, ही घाबरलेली पाहिजे." अण्णा म्हणायचे, "तू आभाळ बघ." आभाळ म्हणजे तरी काय? वरून चहा बसणार, त्यामुळे मी कितीही मन लावून ढग काढले तरी शेवटी सगळं डबक्याच्या पाण्यासारखं होणार. मी एकोणीस वर्षांची होते आणि माझ्या जन्मात मी निळं आभाळ काढून पुरं केलेलं नव्हतं. मला अंग पाहिजे होतं. नुसतं पाहिजे होतं असं नाही, मला त्याची हाव होती. बिस्किटांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर मी स्वतःच्या पोटऱ्या, कोपर, तळवे काढत बसायचे. कोपराला लाल लागतो, बगलेत हिरवट लागतो, हे मला त्या पुठ्ठ्यांनी शिकवलं. आईला माहीत होतं. ती पुठ्ठे चुलीत घालायची नाही, माळ्यावर ठेवायची. मात्र अण्णांना विचारलं की एकच उत्तर यायचं, "अंगाला हात लावायचा नाही. हात मुरावा लागतो. आणि लग्नाच्या पोरीने उघडी माणसं रंगवली तर लोक काय म्हणतील?" आई आतून म्हणायची, "लोकं म्हणतील ते म्हणतील. पोरीने रोज बघायला चालतं, रंगवायला नाय चालत?"

एक मात्र सांगायला हवं, कारण ते आमच्या डोळ्यांसमोर होतं आणि आम्हाला दिसलं नाही. त्या एक-दोन वर्षांत अण्णांचा चहा दाट होत चालला होता. ट्यूबा ठेवायच्या लाकडी ट्रेमधली एक ट्यूब जरी इकडची तिकडे झाली तरी ते घर डोक्यावर घ्यायचे. आम्ही म्हणायचो, वयाने तिरसट झाले. शेठ म्हणायचे, हात मुरलाय. कुणाला काही वाटलं नाही.

मग एका दुपारी शेठ एका बाईंना घेऊन आले. घोडबंदरच्या बाजूला एक हॉटेल उभं राहत होतं आणि त्याच्या आतल्या सजावटीचं काम या बाई बघत होत्या. जिन्यासमोरच्या मोठ्या भिंतीला त्यांना आमची झाडवाली हवी होती, चांगली पुरुषभर उंच. चादर टाकायचीही गरज नव्हती, कारण त्या बघायलाच आलेल्या. त्यांनी आमची झाडवाली बघितली आणि म्हणाल्या, "काम छान आहे, पण आता ती अशी नाहीये." त्यांच्याकडे नव्या छापील चित्राची गुंडाळी होती. ती त्यांनी खाटेवर उलगडली आणि शेजारी आमचं जुनं कॅलेंडराचं पान ठेवलं.

अगं बाई! बाई तीच, देव तोच, झाड तेच, पण आभाळ निळं होतं. लख्ख निळं, आणि खाली क्षितिजाला जरा पिवळसर. झाडवालीचं अंग तपकिरी नव्हतं, दुधात थेंबभर लाल पडावा तसं होतं, आणि मनगटावरच्या शिरा निळसर दिसत होत्या. सुमनमावशी बोळातून आत आलेलीच होती. ती म्हणाली, "आगोबाय, हिला आंघोळ घातली काय?" बाई हसल्या. म्हणाल्या, "खरंच घातलीय. तिकडच्या म्युझियमने चित्र धुऊन काढलं. त्यावर कित्येक वर्षांची काजळी होती आणि जुनं पिवळं पडलेलं वॉर्निश होतं. हे मूळचे रंग." म्हणजे आम्ही इतकी वर्षं जो चहा मारत होतो, जो अण्णा एवढा जीव लावून मारत होते, तो दुसऱ्यांच्या घरचा मळ होता. मला हसू यायला लागलं. आईने मला चिमटा काढला.

आम्ही सगळे अण्णांकडे बघायला लागलो. त्यांनी एक चित्र बघितलं, दुसरं बघितलं, परत पहिलं बघितलं आणि म्हणाले, "फरक काय आहे यात?"

शेठ हसले. त्यांना वाटलं, अण्णा भाव खातायत. मलाही तेच वाटलं आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "अण्णा, मुद्दाम काय करताय? हे आभाळ निळं आहे!"

"कुठं निळं?"

"हे काय, इथे!" मी बोट ठेवलं.

अण्णा वाकले. इतके वाकले की नाक कागदाला लागायचं बाकी राहिलं. बराच वेळ तसेच राहिले. मग हळूच म्हणाले, "हे राखाडी आहे ना?"

आईला सगळ्यांच्या आधी कळलं, तिचा चेहरा मी बघितला. पण ती शेठना म्हणाली, "ऑर्डर घेतो आम्ही. निळं पाहिजे ना, निळं करून देऊ." आणि त्यांना दारापर्यंत पोचवून आली.

ते गेल्यावर अण्णा खाटेवर बसले आणि त्यांनी ट्यूबांचा ट्रे मांडीवर घेतला. मी एकेक ट्यूब त्यांच्या हातात दिली, लेबल झाकून. लाल ओळखला. पांढरा ओळखला. निळा, जांभळा आणि काळा एकच म्हणाले. इतके दिवस ते ट्रेमधल्या जागेवरून ट्यूब उचलत होते, रंगावरून नाही. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत पिकत आलेला आणि त्यांनी तो घरच्यांपासून लपवलेला. त्याहून म्हणजे स्वतःपासूनही लपवलेला. आई म्हणाली, "ऑपरेशन करून घेऊ." अण्णा एकदम लहान मुलासारखे घाबरले. त्यांच्या थोरल्या भावाचा डोळा गावाकडच्या एका कॅम्पात गेलेला होता. "डोळा गेला तर मी करू काय?" ते म्हणाले. आई म्हणाली, "आता काय करताय ते सांगा आधी."

मला अण्णांची दया आली नाही असं नाही. पण दयेबरोबर दुसरंही काहीतरी आलं, आणि ते मी तेव्हाच बोलून टाकलं. "या चित्राचं अंग मी करते," मी म्हटलं.

"ऑर्डर परत जाईल," अण्णा म्हणाले. "तुला अंग येत नाही."

"तुम्हाला दिसत नाही."

सुमनमावशीने तोंडाला पदर लावला. बापाला असं बोलतात का, हे मला नंतर पुष्कळांनी ऐकवलं. पण मी ते बोलले याचं मला आजही वाईट वाटत नाही. कुणीतरी ते बोलायला हवं होतं, आणि ज्याला अंग हवं होतं त्यानेच बोललेलं बरं. अण्णा माझ्याकडे बघत राहिले, नीट दिसत नसलं की माणूस जसा बघतो तसे. शेवटी तोड आईने काढली. माळ्यावरचे पुठ्ठे तिने खाली काढले आणि खाटेवर मांडले. म्हणाली, "हे बघा, नायतर चाचपा. तुम्ही डोळा करून घ्या, ती अंग करते. तुम्ही बघायला लागाल तेव्हा बघा. नाय आवडलं तर पुसून टाका तुमच्या हाताने, आणि मग ही जन्मभर आभाळ करील. बोल गं, कबूल?"

मी कबूल म्हटलं. अण्णाही हो म्हणाले. मला वाटतं, त्यांना खात्री होती की पुसायला लागणार.

गेल्या वर्षी माझ्याही डोळ्याचं ऑपरेशन झालं, डोंबिवलीत, घराजवळच. सकाळी गेले, दुपारी घरी येऊन वरणभात खाल्ला आणि संध्याकाळी गॅलरीत बसले. आजच्यांना सांगून खरं वाटणार नाही, पण तेव्हा अण्णांना कल्याणच्या दवाखान्यात आडवं करून ठेवलेलं आणि डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावलेल्या. खोकायची बंदी, हसायची बंदी. आई डबा घेऊन जायची, मऊ भात आणि मुगाचं वरण, आणि चमच्याने भरवायची. अण्णा रोज तिला एकच विचारायचे, "कुठवर आलं?" आई सांगायची, "मला काय कळतंय त्यातलं!" सगळं कळत होतं तिला, पण सांगितलं नाही.

इकडे माझी फाटली होती. पुठ्ठ्यावर पोटरी काढणं वेगळं आणि माझ्याएवढ्या उंचीची आख्खी बाई काढणं वेगळं. कमरेपाशी मी तीनदा पुसलं. वर उचललेल्या हातांसाठी मी आईला खिडकीत उभी केली, दोन्ही हात वर, मान मागे. ती म्हणायची, "लवकर काढ गं, भात करपेल." सुमनमावशी आली आणि म्हणाली, "काय गं, बसमध्ये उभी हायेस का? शीट मिळाली नाय?" आईला हसू आवरेना, हात खाली आले, आणि मी दोघींवर खेकसले. पण आईचे हात कामाचे होते. कोपरं खडबडीत, बोटांची पेरं जाड. छापील चित्रातल्या बाईचे हात लोण्यासारखे होते, मी मात्र थोडेसे आईचे घातले. बोटांतून पानं फुटतात ती जागा मला सोपी गेली. पानं मी आयुष्यभर काढलेली, त्यांना कातडीतून बाहेर कसं काढायचं एवढंच शोधायचं होतं. आणि चेहरा मी घाबरलेला काढला. तोंड उघडं, नाकपुड्या फुललेल्या, डोळा मागे वळलेला. तो झाला त्या दिवशी मी जेवले नाही, भूकच लागली नाही. इतका आनंद मला पुढे माझ्या लग्नातही झाला नाही, आणि हे माझ्या नवऱ्याला माहीत आहे.

आभाळ मी शेवटी ठेवलं होतं. खरं सांगायचं तर मुद्दाम. पुसायचंच झालं तर आभाळाची मेहनत तरी कशाला फुकट घालवायची, असा हिशोब होता, आणि आभाळाचा मला इतका वीट आला होता की ते निळं असलं तरी नको वाटत होतं. देवाच्या डोक्यावर नुसता कोरा पांढरा तुकडा होता.

मग एक दिवस डोळ्यावर जाड भिंगाचा चष्मा लावून अण्णा घरी आले. दुसऱ्या डोळ्याचं अजून व्हायचं होतं, म्हणून चष्म्याच्या त्या काचेवर कागद चिकटवलेला. रिक्षातून उतरले, आईचा हात धरून पायरी चढले, आणि बाहेरच्या खोलीत येऊन थांबले. मी चित्राच्या बाजूला उभी होते. पण अण्णांनी आधी चित्राकडे बघितलंच नाही. ते भिंतीकडे बघत होते. म्हणाले, "ही भिंत निळी आहे?"

आई म्हणाली, "अवो, तुम्हीच दिला ना हा रंग. दोन वर्सं झाली."

"मी पांढरा दिला होता," अण्णा म्हणाले आणि भिंतीला हात लावून बघितला. मग त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं, दोरीवरची सुमनमावशीची चादर बघितली, माझा ड्रेस बघितला. जे जे निळं होतं ते सगळं बघितलं. डॉक्टरांनी म्हणे सांगितलंच होतं की काही दिवस निळं जास्त दिसेल. आणि मग भिंतीला टेकून ठेवलेली जुनी झाडवाली त्यांनी बघितली, स्वतःच्या हातची, दाट चहाची. चष्मा काढला, आधी एका डोळ्यावर हात ठेवला, मग दुसऱ्यावर. असं किती तरी वेळ. "एवढं काळं?" ते म्हणाले. "मी एवढं काळं करत होतो आणि तुम्ही कुणी बोलला नाहीत?"

माझ्या झाडवालीसमोर ते स्टूल घेऊन बसले. टर्पेंटाइनचा बोळा शेजारीच बशीत होता. पुसायला तेवढंच पुरतं. अण्णा बघत होते आणि मी तो बोळा बघत होते. पायापासून सुरुवात केली त्यांनी. साल, पोटरी, मांडी, कंबर. कमरेपाशी थांबले, तिथेच मी तीनदा पुसलेलं.

"पोटरी जड झालीय," ते म्हणाले.

"हो."

"हात कुणाचे आहेत हे?"

"आईचे."

त्यांनी वळून आईकडे बघितलं आणि परत चित्राकडे. मग चेहऱ्याकडे, खूप वेळ. "ही घाबरलीय," ते म्हणाले.

"तिच्यामागे माणूस लागलाय, अण्णा."

मान हलवली त्यांनी. हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही. हात पुढे गेला. मला वाटलं, बोळा. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि मी पुसलंही नाही. पण त्यांचा हात ट्रेकडे गेला. ट्रे मी माझ्या सोयीने लावलेला होता, सगळ्या ट्यूबा हललेल्या. ते चिडले नाहीत. एकेक ट्यूब उचलून डोळ्याजवळ नेली आणि बरोबर निळी काढली.

"आभाळ राहिलंय," ते म्हणाले. "मी करतो."

ते आभाळ त्यांनी किती दिवस केलं! शेठचे दोन निरोप येऊन गेले, अण्णा ऐकेनात. भोंगा झाला तरी ब्रश खाली ठेवेनात. एक ढग काढायचे, लांब जायचे, परत येऊन खरवडायचे. आई जेवायला हाका मारून थकायची. माझ्या अंगाला मात्र त्यांनी बोट लावलं नाही, जड झालेली पोटरीही तशीच ठेवली. ती अजून त्या जिन्यासमोर तशीच जड असेल, हॉटेल असलं तर.

शेवटी शेठ स्वतः टेम्पो घेऊन आले. चित्रासमोर उभे राहिले, मागे गेले, पुढे आले. "अण्णा, अंग काय केलंय!" म्हणाले. "डोळा नवीन बसवला तो कामी आला."

"अंग पोरीचं आहे," अण्णा म्हणाले. "माझं आभाळ आहे."

शेठना वाटलं, मस्करी चाललीय. "तुम्ही? आणि फक्त आभाळ?"

"फक्त?" अण्णा असे भडकले की आई आतून धावत आली. त्यांनी शेठचा दंड धरला आणि त्यांना ओढतच चित्रापाशी नेलं. "फक्त काय, शेठ? इकडे या. हे बघा, इथे निळा आहे. इथे त्याच्यात पांढरा आलाय. आता हा बघा, हा वेगळा. दिसतो का? नीट बघा. आणि हा खालचा, हा तर मी चार वेळा केलाय..." शेठ बिचारे चष्मा पुसून पुसून बघत होते.

"बरं, पण पुढची बैलवाली?" त्यांनी कसाबसा दंड सोडवून विचारलं. "तिचं अंग कोण करणार?"

"ती काय तिथे उभी आहे. तिला विचारा," अण्णा म्हणाले आणि परत आभाळाकडे वळले. "बैलवालीत समुद्र पण आहे. मला वेळ नाही."